तटावरील लोकांच्या कानी

निवडणुका आल्या की आपल्या मंडळ्यांतून एक जुना प्रश्न पुन्हा निघतो. राजकीय भाषणांकडे ख्रिस्ती माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावे? काही वडील मंडळी म्हणतात, भाषण म्हणजे शब्दांचा खेळ; विश्वासणाऱ्याने तिकडे कानच देऊ नये. तरुणांचे म्हणणे असे की, भाषणावाचून लोकशाही चालत नाही, तेव्हा चांगल्या पक्षानेही चांगले बोलावयास शिकले पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. परंतु या वादात आपण पवित्र शास्त्रातील ज्या अध्यायाकडे वळावयास हवे, तिकडे क्वचितच वळतो. २ राजे या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात एका राजकीय भाषणाचा जवळजवळ संपूर्ण मजकूर आपल्यासाठी जपून ठेवलेला आहे. तोच वृत्तांत यशयाच्या ३६ व्या अध्यायातही सापडतो. अश्शूरचा सरदार रब-शाके याने यरुशलेमेच्या तटाखाली उभे राहून केलेले ते भाषण. आपल्या उपदेशकांना बहुधा पुढल्या अध्यायातील १ लक्ष ८५ हजारांचा संहार करणाऱ्या दूताकडे पोहोचण्याची घाई असते, म्हणून हे भाषण मधल्यामध्ये राहून जाते.

प्रथम प्रसंग ध्यानात घेऊ. साल इ.स.पू. ७०१. सुमारे वीस वर्षांपूर्वी उत्तरेकडील शोमरोन तीन वर्षांच्या वेढ्यानंतर पडले होते आणि तेथील लोकांना अश्शूरने उचलून दूरदेशी नेले होते. आता सन्हेरीब यहूदात उतरला. आपल्या पराक्रमाचा वृत्तांत त्याने मातीच्या एका षट्कोनी स्तंभावर कोरवून घेतला; तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिज्कीयाची तटबंदीची ४६ नगरे घेऊन त्याला पिंजऱ्यातील पाखराप्रमाणे यरुशलेमेत कोंडले, अशी बढाई त्यात आहे. हिज्कीयाने खंडणी भरून पाहिली होती. तीनशे किक्कार रुपे आणि तीस किक्कार सोने. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोनेसुद्धा उतरवावे लागले. खंडणी पोहोचली, आणि पाठोपाठ फौजही आली.

त्या फौजेने तटाला शिड्या लावण्यापूर्वी बोलणारा मनुष्य पुढे केला. ह्यात दयामाया मुळीच नव्हती, हिशेब होता. शोमरोनाला तीन वर्षे लागली होती. वेढा घालणाऱ्यालाही दाणागोटा लागतो, त्याचीही माणसे मरतात, छावणीत रोगराई पसरते. वेस शब्दांनीच उघडली तर त्याहून स्वस्त काही नाही. रब-शाकेने उभे राहण्यासाठी जागाही पाहून निवडली असावी: परटाच्या शेताच्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या नळाजवळ, म्हणजे शहराच्या पाण्यापाशी. याच जागी तीसेक वर्षांपूर्वी यशया संदेष्टा हिज्कीयाचा बाप आहाज याला भेटला होता व भिऊ नको म्हणाला होता. आहाजाने ऐकले नाही. त्याने मदतीसाठी हाक मारली ती अश्शूरलाच. बापाने ज्यांना बोलावले ते आता मुलाच्या दारात उभे होते.

या भाषणात खोटे किती ते शोधावयास बसलो तर आपण थक्क होतो, कारण पुष्कळसे खरेच आहे. मिसर देश भरवशाचा नाही, असे रब-शाके म्हणाला. यशया लोकांना हेच सांगत होता (यशयाचे ३० व ३१ हे अध्याय पाहावे). यहूदाजवळ घोडदळ नाही, हेही खरे. दोन हजार घोडे मी देतो, बसणारे तुम्ही आणा, हा त्याचा टोमणा जिव्हारी लागावा असाच होता. हिज्कीयाने उच्च स्थाने व वेद्या पाडल्या, हेही खरे. ते काम देवाच्या दृष्टीने योग्य असे शास्त्र म्हणते, पण जेथे आपल्या आजा-पणज्यांनी धूप जाळला ती जागा सरकारी हुकमाने पाडली गेल्याचे दुःख खेड्यापाड्यांतून तटाच्या आश्रयाला आलेल्या अनेकांच्या मनात असणार. त्या दुखऱ्या जागेवर त्याने नेमके बोट ठेवले. शेवटी तर त्याने परमेश्वराचेच नाव घेतले आणि आपण त्याच्याच आज्ञेने चालून आलो आहोत असे सांगितले. नवल हे की, अश्शूर म्हणजे देवाच्या क्रोधाची काठी, असे यशयानेही म्हटले होते (यशया १०).

मग हे भाषण लबाडीचे कसे? प्रत्येक खऱ्या गोष्टीला त्याने एकच शेपूट जोडले, म्हणून दार उघडा. मिसर भरवशाचा नाही, म्हणून परमेश्वराकडे वळा, असे यशया म्हणे. मिसर भरवशाचा नाही, म्हणून माझ्या राजाला शरण या, असे रब-शाके म्हणे. पहिला अर्धा भाग दोघांचा सारखा; आणि ऐकणारा पहिल्या अर्ध्या भागाला मान डोलवता डोलवता दुसऱ्यालाही डोलवून जातो. राजकीय वक्तृत्वाचे पुष्कळसे सामर्थ्य ह्या मान डोलवण्यात आहे. आपली दुःखे ज्याने अचूक सांगितली त्याच्यापाशी त्यांचे औषधही असणार, असे आपण धरून चालतो. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की, माझ्यावर खटला चालला तर तो लहान मुलांच्या पंचांपुढे आचाऱ्याने वैद्यावर भरलेल्या खटल्यासारखा होईल. कडू काढे देणाऱ्याने गोड पदार्थ वाढणाऱ्याला काय उत्तर द्यावे? पण रब-शाके हा साधा आचारी नव्हता. त्याने आधी कडू सत्य पाजले, आणि त्याची चव जिभेवर असतानाच गोड वाढले.

ते गोड वाढणेही पाहण्याजोगे आहे. प्रत्येकाने आपापल्या द्राक्षीचे व अंजिराचे फळ खावे, आपापल्या विहिरीचे पाणी प्यावे, असे आमिष त्याने दाखवले. आपापल्या द्राक्षीखाली व अंजिराखाली निर्धास्त बसणे हे तर शलमोनाच्या काळच्या सुखाचे चित्र. मीखा संदेष्ट्यानेही येणाऱ्या शांतीच्या दिवसांचे वर्णन करताना तेच घेतले. परक्या सरदाराने लोकांचे स्वप्न त्यांच्याच शब्दांत उचलले. मग त्याला लागूनच, आवाज न बदलता, तो म्हणतो की, हे सारे मी येऊन तुम्हांला तुमच्या देशासारख्याच एका देशात घेऊन जाईपर्यंत. म्हणजे हद्दपारी! शोमरोनाच्या लोकांवर जे ओढवले तेच. पण धान्य, द्राक्षारस, जैतून आणि मध यांच्या यादीत ती अशी गुंडाळली की घाईत ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये.

आता ज्या भागापाशी आपण अधिक थांबले पाहिजे तो भाग येतो. भाषण रंगात येऊ लागताच एल्याकीम, शेबना आदी हिज्कीयाचे कारभारी मध्ये बोलले. त्यांची विनंती अशी की, आमच्याशी अरामी भाषेत बोला, ती आम्हांला समजते. तटावरील लोकांच्या कानी पडेल असे यहूदी भाषेत बोलू नका. अरामी ही त्या काळची दरबारी भाषा, बड्यांची भाषा. यावर रब-शाकेने जे उत्तर दिले ते सगळ्या भाषणात मला सर्वांत भेदक वाटते. मला काय तुमच्या धन्याशी व तुमच्याशीच बोलावयास पाठवले आहे? उपासमार ज्यांच्या वाट्याला येणार ती माणसे तर तटावर बसली आहेत! ह्या अर्थाचे बोलून त्याने आवाज चढवला आणि लोकांच्याच भाषेत पुढे चालू केले.

त्याचा हेतू दुष्ट होता. पण त्याच्या ह्या बोलण्याला उत्तर नव्हते. ज्यांच्या जिवावर निर्णय होणार त्यांच्या कानी तो पडू नये, असे त्यांच्याच कारभाऱ्यांना वाटले, आणि त्यांना बोलण्यायोग्य मानले ते शत्रूने. जेथे चांगले लोक अरामीत बोलतात तेथे रब-शाकेला अर्धी लढाई फुकट मिळते. सरकारी कचेऱ्यांचे उदाहरण वाचकांना सुचेलच, पण आपण आपल्या घरात आधी पाहावे. आपल्या मंडळ्यांच्या कारभारातही एक अरामी भाषा आहे. जागेचे कागद, घटनेतील दुरुस्ती, वर्षाचे हिशेब इंग्रजीत तयार होतात, वार्षिक सभेत भराभर वाचले जातात; मागल्या बाकावरची आजी मान डोलावते आणि ठराव एकमताने मंजूर होतो. पुढे कोणी गोडबोल्या मनुष्य येऊन तिला तिच्या भाषेत सांगतो की, मंडळीची जमीन विकली गेली ती तुम्हांला न कळवता. त्याचा हेतू काहीही असो, ती त्याचे ऐकते. तिला दोष कसा द्यावा?

लोक मात्र गप्प राहिले. उत्तर देऊ नका, अशी राजाची आज्ञा होती, असे शास्त्र सांगते. या मौनावर आपल्याकडे एक सिद्धांत उभारला जातो की, राजकारणाच्या बाबतीत ख्रिस्ती मंडळीने मौन धरावे, हिज्कीयाच्या लोकांनी तेच केले. पण २ इतिहास ३२ वाचून पाहा. वेढा पडण्याच्या आधी हिज्कीयाने लोकांना वेशीजवळच्या चौकात जमवले होते आणि त्यांच्या मनाला धीर येईल असे तो स्वतः बोलला होता. त्यांच्याकडे मांसमय बाहू आहे, आपल्याकडे आपला देव आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. आणि त्या शब्दांवर लोकांनी भरवसा ठेवला. म्हणजे तटावरचे मौन रिकाम्या माणसांचे नव्हते. त्यांच्याशी आधी कोणीतरी, त्यांच्या भाषेत, उघड्या चौकात बोलले होते. म्हणून एवढे धारदार भाषण कानी पडूनही कोणी खाली उतरून दाराचा अडसर काढला नाही. आपण आपल्या लोकांशी चौकात काही बोलत नाही आणि मग तटावर मौन पाळा म्हणतो, हा हिज्कीयाचा कित्ता नव्हे.

आधी न बोलल्याने काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चॅन्सलर झाला. लगेच १ फेब्रुवारीस त्याने रेडिओवरून राष्ट्राला जे आवाहन केले त्यात ख्रिस्ती धर्म हा नीतीचा पाया मानून त्याचे रक्षण करू, असे वचन होते. देशातील बेकारी, फूट, अपमान यांचे त्याने केलेले वर्णन ऐकणाऱ्यांना खरे वाटले, कारण दुःखे खरीच होती. त्याच दिवशी डीट्रिख बोनहॉफर या तरुण पाळकाचे रेडिओवर व्याख्यान होते; पुढारी स्वतःला दैवत करून घेऊ लागला तर तो लोकांना भुलवणारा ठरतो, असा त्याचा इशारा होता. व्याख्यान पुरे होण्याआधीच प्रक्षेपण तुटले. त्या वर्षी २३ जुलैला प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलर पुन्हा रेडिओवर बोलला, आणि नाझी विचारांच्या ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाला मोठे बहुमत मिळाले. मते देणारे लोक लूथरच्या देशातले, शास्त्र घरोघर असलेले, रविवारी भक्तीला जाणारे होते. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे काही मंडळ्यांनी आपला विश्वास निर्भयपणे जाहीर केला खरा, पण तोवर पुष्कळ दारे आतून उघडली गेली होती.

तर मग आपणही वक्तृत्व शिकावे काय? या बाबतीत पौलाकडे पाहावे. यरुशलेमेत जमाव त्याच्या जिवावर उठला असता तो पायऱ्यांवर उभा राहून इब्री भाषेत बोलू लागला आणि जमाव अधिक शांत झाला (प्रेषितांची कृत्ये २१ व २२). रब-शाकेने जे केले तेच पौलाने केले; लोकांची भाषा वापरली. तेव्हा दोष साधनात नाही. पुढे कैसरियात फेलिक्स सुभेदारापुढे तिर्तुल्ल हा वकील पौलाविरुद्ध उभा राहिला. त्याने सुरुवातच केली ती आपल्यामुळे केवढी शांतता लाभली, आपली दूरदृष्टी केवढी, अशा स्तुतीने. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ह्याच फेलिक्सचे क्रौर्य व विषयासक्ती नोंदून ठेवली आहे. पौलानेही आरंभी सुभेदाराचा मान राखला, पण आपण पुष्कळ वर्षे या लोकांचे न्यायाधीश आहात एवढेच तो म्हणाला, आणि तेवढे खरे होते. नंतर फेलिक्सने त्याला खाजगीत बोलावले, मनात लाचेची आशाही धरली, तेव्हा पौल नीतिमत्त्व, संयमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलला, इतका की सुभेदाराला भीती वाटली.

पौलाचेही सगळेच प्रसंग इतके सरळ नाहीत, हे नमूद केले पाहिजे. न्यायसभेत परूशी आणि सदूकी असे दोन पक्ष आहेत हे ओळखून त्याने मोठ्याने सांगितले की, मी परूशी आहे आणि पुनरुत्थानाच्या आशेमुळे माझा न्याय होत आहे. झाले! सभेत दुफळी माजली (प्रे. कृ. २३). तो जे बोलला ते खरे होते. पण ते त्याच क्षणी, त्याच शब्दांत बोलण्यात डावपेच होता हे नाकारता येत नाही. पुढे फेलिक्ससमोर त्याने त्या एका उद्गाराचा स्वतः उल्लेख केला. त्यात खंत आहे की आव्हान, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. मला त्यात थोडी खंत वाटते.

ऑगस्टीनची गोष्ट या ठिकाणी आठवते. इ.स. ३८४ मध्ये तो मिलान शहरी वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक झाला. हे पद मानाचे. त्यात सम्राटाच्या स्तुतीपर भाषणे करणेही आले. असेच एक भाषण तयार करीत असताना, ज्यात पुष्कळ खोटे बोलायचे होते आणि ते खोटे आहे हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असणार होते, त्याला रस्त्यात एक दारू प्यालेला भिकारी हसताखिदळताना दिसला. त्या भिकाऱ्याचा आनंद आपल्याहून बरा, असे त्याला वाटले. पुढे ३८६ मध्ये त्याने ती जागा सोडली. पण म्हातारपणी, बिशप झाल्यावर, ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या ग्रंथाचे शेवटचे पुस्तक त्याने वक्तृत्वावरच लिहिले. खोटे सांगणारे लोक रसाळ बोलणार आणि खरे सांगणारे ऐकणाऱ्याला झोप येईल असे बोलणार, हे का चालू द्यावे, असा त्याचा प्रश्न आहे. आपल्या काही उपदेशपीठांसमोर तो आजही विचारावासा वाटतो, असो.

ऐकणाऱ्याचेही एक काम आहे, आणि त्यासाठी हिज्कीयाच्या प्रार्थनेइतका चांगला धडा नाही. रब-शाके परतल्यावर सन्हेरीबाचे पत्र आले. तोच मजकूर, आता लेखी. हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे उघडून ठेवले. तो प्रार्थनेत काय म्हणतो पाहा. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उजाड केली, त्यांची दैवते अग्नीत टाकली, हे खरे आहे, असे तो आधी मान्य करतो. शत्रूचे जेवढे खरे तेवढे त्याने बाजूला काढून ठेवले. मग त्याने त्याचे शेपूट तोडले, कारण ती दैवते लाकूड व दगड होती, म्हणून ती गेली. हमाथ, अर्पाद आणि शोमरोन यांच्यावरून यरुशलेमेचा निकाल लागत नाही. भयभीत झालेला, अंगावर गोणपाट घेतलेला मनुष्य इतक्या शांत डोक्याने विधान आणि निष्कर्ष वेगळे करतो, हे मला त्या दूताच्या चमत्काराइतकेच मोठे वाटते.

या कामासाठी आपल्या मंडळ्यांना देवाने एक विशेष सोय दिली आहे. आपण दोन-दोन, तीन-तीन भाषांचे लोक आहोत. बेळगावचा आपला सभासद मराठी सभाही ऐकतो आणि कन्नडही. बडोद्याच्याला गुजराती येते, इंदूर-ग्वाल्हेरच्याला हिंदी, हैदराबादच्याला तेलुगू किंवा उर्दू, गोव्यातल्याला कोकणी. एकाच उमेदवाराने एका गल्लीत एका भाषेत काय सांगितले आणि दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या भाषेत काय सांगितले, हे ताडून पाहणे एकभाषी माणसाला जमत नाही, आपल्याला जमते. एका भाषेत बंधुभाव आणि दुसरीत शेजाऱ्याविषयी विष असेल, तर ते आपल्या कानांना कळते. कळूनही आपण घरी येऊन ते कोणापाशी बोलत नाही, कारण दोन्ही गल्ल्यांत आपल्याला राहायचे असते. भीती समजण्यासारखी आहे. तटावरच्या लोकांनाही ती होतीच.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक सुचवतो. वरच्या वर्गाला हा अध्याय एकदा मोठ्याने, पात्रे वाटून वाचू द्यावा. रब-शाकेचे भाषण वर्गातल्या सर्वांत गोड गळ्याच्या मुलाला द्यावे, उर्मट मुलाला नको. दोघे कारभारी होतील, बाकीचे तटावर. वाचन झाल्यावर त्यातील खऱ्या गोष्टी कोणत्या ते मुलांना फळ्यावर लिहू द्यावे, आणि त्या बऱ्याच निघाल्या तर शिक्षकांनी घाबरून जाऊ नये. एखादी मुलगी नक्की विचारील की, आपल्या माणसांनी त्याला अरामीत का बोलायला सांगितले? तिला उत्तर चटकन देऊ नये. तो प्रश्न पुढल्या रविवारपर्यंत तसाच फळ्यावर राहू द्यावा, आणि मग १९ वा अध्याय काढावा.